आंग्रियाच्या दिशेने : गोव्यातले सहा दिवस

पहिला दिवस

रत्नागिरीला मांडवी एक्सप्रेसमध्ये चढले तेव्हा पिशवीत दोन वस्तू मुद्दाम घेतल्या होत्या. एक पोहण्याचा पोशाख आणि दुसरा शाळेचा जुना नकाशासंग्रह. निवृत्त होताना तो मी मागून घेतला होता. त्याच्या कडा उसवल्या आहेत, अरबी समुद्राच्या पानावर कुणा पोराने शाईने होडी काढून ठेवली आहे. त्याच पानावर काठी ठेवून मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला.

दिवाळीत भाचीचा फोन आला होता. ती गोव्यात सागरी विज्ञान शिकते. म्हणाली, "मावशी, शाळेत तू आंग्रिया कधी शिकवलंस?" मी म्हटलं, कान्होजी आंग्रे इतिहासाच्या तासाला व्हायचे. "आंग्रे नाही गं. आंग्रिया बँक. आपल्या विजयदुर्गासमोरचं प्रवाळ." मला त्याची गंधवार्ता नव्हती. तो प्रश्न तीन महिने मनातून गेला नाही, म्हणून फेब्रुवारीत निघाले.

ताळगावला तिच्या खोलीवर पोचायला रात्र झाली. जेवण होताच आम्ही नकाशासंग्रह फरशीवर पसरला. तिने विजयदुर्गापासून बोट पश्चिमेला सरकवत नेलं आणि कोऱ्या निळ्या रंगावर थांबवलं. इथे, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, समुद्रबूड जमीन संपत येते त्या कडेला, पाण्याखाली एक पठार आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब. त्याचा सगळ्यांत उंच माथासुद्धा पाण्याखाली २० मीटरवर, म्हणजे कितीही मोठी ओहोटी आली तरी ते कुणाच्या नजरेस पडायचं नाही. त्या माथ्यावर जिवंत प्रवाळ आहे. बुडालेलं कंकणद्वीप असंही त्याला म्हणतात. कान्होजींचं नाव त्याला मिळालं आहे आणि आमच्या पुस्तकात त्याच्यासाठी एक टिंबही नाही.

कंकणद्वीप हा माझा आवडता धडा. फळ्यावर तीन चित्रं काढायची. पहिल्यात समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी आणि त्याच्या कडेने प्रवाळाची झालर. दुसऱ्यात डोंगर खचतोय, प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर वाढतोय. तिसऱ्यात डोंगर बुडाला, राहिलं नुसतं कंकण आणि मधे शांत पाणी. डार्विनने हे १८४२ साली मांडलं आणि पुढे कंकणद्वीपांत खोल भोकं पाडून पाहिली तेव्हा तळाशी खरंच ज्वालामुखीचा खडक लागला. लक्षद्वीपचं तसंच आहे. आणि मुलांना सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा ती गोष्ट अशी, की सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त ठिकाणावरून आपला भूखंड सरकताना सह्याद्रीचा काळा खडक ओतला गेला, त्याच ठिकाणाने पुढे लक्षद्वीपखालची समुद्रातली डोंगररांग घडवली. रतनगड आणि कवरत्ती एका भट्टीतले.

आंग्रियाचं तसं नाही, ते भूखंडाच्याच बुडालेल्या कडेवर आहे. पण प्रवाळ प्रवाळच.

दुसरा दिवस

सकाळी बोगमाळोहून होडीने ग्रांदे बेटाकडे निघालो. भाची म्हणाली होती, आंग्रियाला तुला नेता येणार नाही, तिथे जायला संशोधन जहाज लागतं. पण प्रवाळ म्हणजे काय ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

एकसष्टाव्या वर्षी तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घालणं सोपं नव्हतं. पहिली दहा मिनिटं खारं पाणीच प्यायले. मग श्वास लागला आणि खाली पाहिलं तर हिरवट धुकं. इथे मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या आपला गाळ आणून सोडतात, त्यात खाणींच्या मुलखातली लाल मातीही येते. चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. प्रवाळाला उजेड हवा, नितळ पाणी हवं, असं मी फळ्यावर लिहून देत आले. मग इथे ते कसं असेल?

पण होतं. धुक्यातून हळूहळू एक गोल खडक वर आला, आणि तो खडक नव्हता. पोरायटीस जातीचं प्रवाळ, पिवळट-तपकिरी, बारीक भोकांनी भरलेलं. त्याच्या बाजूला पसरट परातीसारखं दुसरं. भाचीने हाताने खूण केली, लांब राहा. मी तरंगत राहिले. त्या बारीक भोकांत एकेक जीव बसलेला आहे, त्याच्या पेशींत त्याहून सूक्ष्म शैवाल, ते शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि बहुतेक सगळं आपल्या यजमानाला देतं, बदल्यात त्याला घर मिळतं. हे सगळं मी हजार वेळा बोललेले. पण त्या जिवासमोर, एका हाताच्या अंतरावर, कधी गेले नव्हते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे फुलपाखरू मासे जोडीने फिरत होते. एक पोपटमासा खडक कुरतडत होता, आणि तो आवाज पाण्यात अगदी स्वच्छ ऐकू येतो, कुणी खडीसाखर चावावी तसा.

वर आले तेव्हा शेजारी दुसरी होडी येऊन लागली होती. पंचवीसेक पर्यटक, मोठ्याने गाणी, आणि एका पोराने लोखंडी नांगर उचलून सरळ पाण्यात टाकला. आमची होडी तरंगत्या पिंपाला बांधलेली होती, तिथे त्यांनाही बांधता आलं असतं. नांगर कुठे पडला ते आम्हाला वरून दिसलं नाही. साखळी ओढली गेली तेव्हा खालून पांढुरका गाळ उठला, तो दिसला. थोड्या वेळाने एक बाई हातात प्रवाळाचा तुकडा घेऊन वर आली, मुलाला दाखवायला. मला राहवलं नाही. होडीतून हाक मारून सांगितलं की हा दगड नाही, जीव आहे, आणि २००१ पासून वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्याच यादीत ठेवलंय. ती बिचारी ओशाळली, तुकडा पाण्यात सोडला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्यावर मी रागावले नाही. नांगर टाकणाऱ्या पोराला मात्र दोन शब्द जास्त बोलले, कारण त्याला जागा माहीत होती आणि पिंपही.

संध्याकाळी दोना पावलाला गेलो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथेच आहे, १९६६ साली स्थापन झालेली, आणि आपल्या अरबी समुद्राबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं या टेकाडावरून गेलेल्या माणसांनी मिळवलेलं. कठड्यावर बसून भाचीने लक्षद्वीपचं सांगितलं. गेल्या वर्षी ती एका पाहणी गटाबरोबर कदमतला होती.

"मावशी, तिथे पाणी असं आहे की तळाला पडलेलं नाणं वाचता येईल. आणि त्या पाण्यात सगळं पांढरं."

समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापला आणि तसाच काही आठवडे राहिला की प्रवाळ आतल्या शैवालाला बाहेर टाकतं. रंग जातो, खालचा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो. मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर संपलं. लक्षद्वीपने असे मोठे तडाखे १९९८, २०१० आणि २०१६ साली खाल्ले, मग २०२४ चा. अगत्ती, कदमत, कवरत्ती इथे चोवीस वर्षं मोजमाप ठेवणाऱ्या संशोधकांना जिवंत प्रवाळ निम्म्यावर आलेलं दिसलं. दोन तडाख्यांच्या मधे सावरायला वेळ मिळाला तर ते परत वाढतं, हेही त्यांनी दाखवलं. वेळच मिळत नाही ही अडचण आहे.

मी विचारलं, मग बेटावरच्या माणसाने करायचं काय? समुद्र थंड करणं त्याच्या हातात नाही.

"पोपटमासा त्याच्या हातात आहे," ती म्हणाली. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं. ते खरवडून काढणारे मासे असतील तर प्रवाळाच्या नव्या पिल्लांना बसायला जागा उरते. शिवाय हाच मासा चावलेला चुना वाळू करून टाकतो, मोठ्या जातींचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो. कंकणद्वीपाच्या पुळणी बऱ्याच अंशी त्याच वाळूच्या. लक्षद्वीपचे लोक पिढ्यान् पिढ्या गळाच्या काठीने कुपा, म्हणजे ट्युना, मारत आले, खोल समुद्रात, एकेक करून. त्यामुळे प्रवाळावरच्या माशांना आपोआप अभय मिळत गेलं. आता त्या माशांनाही गिऱ्हाईक मिळायला लागलंय.

तिसरा दिवस

पहाटे मालीम जेटीवर. पणजीच्या पुलाखाली, मांडवीच्या पलीकडच्या काठाला. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यंत्रबोटी, लागलेले, टोपल्या भराभर उतरत होत्या, बर्फाचा चुरा पायांखाली. बांगडे, तारल्या, आणि एका कोपऱ्यात बोटभर पापलेटांचा ढीग. ती पिल्लं होती. तो ढीग बघवेना.

भाचीच्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, तिथे भेटले. मूळचे देवगडकडचे, वीस वर्षं गोव्यातल्या बोटींवर. पिकलेली दाढी, मृदू आवाज. मी रत्नागिरीची म्हटल्यावर आधी घरची विचारपूस झाली, चहा झाला. मग मी आंग्रियाचं नाव काढलं. ते काही क्षण गप्प राहिले आणि आम्हाला बोटीवर घेऊन गेले. सुकाणूच्या खोलीत यंत्राचा पडदा होता, त्यावर त्यांनी नकाशा सरकवत नेला.

"ह्यां बघा, बाई. भोवती सगळा खोल. आणि हंय एकदम वीस, बावीस, पंचवीस."

माझ्या नकाशासंग्रहात जिथे कोरा निळा रंग होता, तिथे त्या पडद्यावर आकड्यांचा पुंजका होता. ज्यांनी त्यांना शिकवलं त्या म्हाताऱ्या खलाशांनाही ती जागा ठाऊक होती. वारा पडला की तिथे पाण्याचा रंग बदलतो, म्हणाले. तिथे गोबरे मासे मिळतात, मोठे.

"तुम्ही तिथे जाळं टाकलंत कधी?"

"टाकला. एकदाच. फातराक लागला. सोडवूक गेलो तर बोट जाय. मगे कापून टाकला." आणि जरा थांबून, "अजून थंयच आसतला ता."

नायलॉनचं जाळं कुजत नाही. ते तिथे प्रवाळावर पडून आहे आणि मासे धरतंय, पण ओढून घेणारा कुणी नाही. अडकलेल्या माशाला खायला मोठा येतो, तो अडकतो. कासव येतं, त्याला श्वासाला वर यायचं असतं, तेही राहतं. कापलेल्या एका जाळ्याचं हे चक्र वर्षानुवर्षं चालू शकतं. तांडेलांना हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच ते सांगितलं, माझ्याकडे न बघता. कर्जाचं जाळं होतं.

मी त्यांना दोष देणार नाही. १९७०च्या दशकात इथल्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, ट्रॉलरविरुद्ध लढा दिला. माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढे होते. त्या लढ्यातून १९८० चा मासेमारी नियमनाचा कायदा आला, किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. तो विजय मोठा होता. पण किनाऱ्याजवळचा मासा कमी होत गेला तशा बोटी लांब जाऊ लागल्या, आणि लांब, जिथे कुणी बघायला नाही, तिथे आंग्रिया आहे.

दूर आहे म्हणून ते सुरक्षित आहे, असं मला गाडीत बसताना वाटत होतं. जेटीवरून परतताना ते उलटं झालं. दूर असल्यामुळेच त्याला कुणी वाली नाही. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झालं ते किनाऱ्याला लागून, २९ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव कायद्याने अभयारण्य करता येतं ते १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे बावीस किलोमीटरपर्यंत. आंग्रिया त्याच्या कितीतरी बाहेर. तिथे महाराष्ट्राचा हुकूम चालत नाही, गोव्याचाही नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यात वाट आहे. आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातला, म्हणजे जिथल्या सागरी संपत्तीवर फक्त आपला हक्क आहे त्या पट्ट्यातला, एखादा भाग केंद्र सरकार खास क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं आणि तिथलं सागरी पर्यावरण जपण्याचे नियम करू शकतं. ते व्हायला हवं, आणि ते करताना देवगड, मालवण, मालीमच्या तांडेलांना समोर बसवून करायला हवं. तिथला प्रत्येक खडक त्यांना पाठ आहे. त्यांच्याशिवाय केलेली रेघ पाण्यावरचीच ठरेल.

निघताना भाचीने तांडेलांना विचारलं, जाळं कापलं ती जागा यंत्रात आहे का? ते म्हणाले, त्या बोटीच्या यंत्रात होती, बघतो.

चौथा दिवस

पाठ धरली होती, म्हणून लांब कुठे गेलो नाही. दुपारनंतर फेरीबोटीने चोडण बेट. भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, म्हणजे बांधातलं दार, बघितली, बांधावरून चाललो, खारफुटीत खंड्या दिसला. आमच्या पुस्तकात कंकणद्वीपाच्या मधल्या पाण्याला खाजण म्हणतात आणि इथे गोव्यात खाजन म्हणजे बांध घालून समुद्राकडून सोडवलेली भातशेती. एकच शब्द, दोन्हीकडे खारं पाणी अडवून धरणाऱ्या कडेवर सगळं अवलंबून. चोडणची कड माणसं डागडुजी करून राखतात.

पाचवा दिवस

काणकोणला गालजीबाग. सुरूच्या झाडांची लांब रांग, तिच्यापुढे मोकळी पुळण, एका टोकाला नदी. दिवे नाहीत, बाकड्यांच्या रांगा नाहीत. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री इथे वर येतात, शंभरेक अंडी घालून निघून जातात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि हे गालजीबाग, गोव्यातल्या कासवांच्या या चार जागा. वनखात्याच्या झोपडीशेजारी जाळीच्या गोल कुंपणांत घरटी राखलेली होती, प्रत्येकावर तारखेची पाटी.

राखणदार गावातलेच, पन्नाशीचे. त्यांनी एक पाटी दाखवली, पन्नास दिवस होत आलेले. आज नाहीतर उद्या, म्हणाले. वाळू किती तापली यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, जास्त तापली तर माद्याच माद्या. प्रवाळ आणि कासव, दोघांचं भवितव्य एकाच उष्णतेवर टांगलेलं, हे तिथे वाळूवर अनवाणी उभं राहून ऐकताना मला फार लागलं.

मी विचारलं, पावसाळ्यात काय असतं? मेलेली कासवं लागतात, ते म्हणाले. कधी नुसतीच. कधी जाळ्याच्या तुकड्यासकट, मानेला, पंखाला गुंडाळलेला. तो तुकडा कुठून आला ते सांगता येत नाही.

कासवाला आपली हद्द ठाऊक नसते. गुहागरला २०२३ साली उपग्रहाचा बिल्ला लावून सोडलेली बागेश्री गोवा, कर्नाटक, केरळ मागे टाकत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. मधला सगळा समुद्र त्यांचं घर आहे. गालजीबागची वाळू राखली आणि खुल्या पाण्यात जाळी सोडून दिली तर दारात रांगोळी घालून आत आग लावल्यासारखं आहे.

रात्री झोपडीबाहेर चटईवर बसलो. राखणदारांनी बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधला होता. अकराला त्यांनी चहा दिला. बारा वाजले, एक वाजला. समुद्राचा आवाज आणि सुरूचा आवाज वेगळा काढता येईना.

सहावा दिवस

साडेचारच्या सुमारास राखणदार हलक्या आवाजात म्हणाले, "बाय, या." कुंपणातली वाळू मधेच बशीसारखी खचली होती. थोडा वेळ काही नाही. मग एक काळं नाक वर आलं, मग एक पंख, आणि मग सगळी वाळूच उकळायला लागली.

मी पिल्लू उचलायला वाकले. "ल्हवू, बाय, ल्हवू," राखणदार म्हणाले, म्हणजे हळू. मग त्यांनी हात लावू नका म्हणून खूण केली आणि ते बरोबर होतं. कुंपण उचललं, दिवा विझवला. पिल्लांना फक्त समुद्रावरचा उजेड दिसायला हवा होता. तो होता, अगदी पुसट, पाण्याच्या रेघेवर. ती पिल्लं खरडत, उलटत, थांबत, एकमेकांवर चढत त्या रेघेकडे गेली. वाळूवर शिवणीसारखे माग उमटत गेले. हजारांतून एखादंच मोठं होतं म्हणतात. पहिली लाट आली तिने पाच-सहा उचलून परत मागे टाकली. ती पुन्हा निघाली.

एकशे चार. राखणदारांनी वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, आणि शेजारी आमची नावं लिहू का म्हणून विचारलं. मी सही केली. हात थरथरत होता.

भाची काणकोण स्टेशनपर्यंत आली, मग पणजीच्या बसला लागली. गाडीत खिडकीशी बसले. काणकोणचे डोंगर मागे पडले, जुवारीचा पूल आला, खाली एक ट्रॉलर बाहेर निघालेला, मागे पक्ष्यांची झुंबड. पेडण्याच्या बोगद्यात फोनची रेंज गेली. सावंतवाडीला आली तेव्हा भाचीचा निरोप होता.

तांडेलांनी जुन्या बोटीवरून जागा शोधून काढली होती. यंत्राच्या पडद्याचा फोटो, किंचित हललेला. १६ अंश आणि काही मिनिटं उत्तर, ७२ अंश आणि काही मिनिटं पूर्व. खाली भाचीने लिहिलं होतं, "मावशी, ते विचारतायत, कुणी वर काढायला जाणार असेल तर ते वाट दाखवायला येतील. कुणाला सांगू?"

मी पिशवीतून नकाशासंग्रह काढला. अरबी समुद्राचं पान, पोराची शाईची होडी. शेजारच्या सीटवर एक सातवी-आठवीतली मुलगी आईबरोबर होती, तिच्याकडे पेन्सिल मागितली. तिने दिली आणि वाकून बघत राहिली. १६ अंशांची आडवी रेघ धरली, ७२ ची उभी धरली, त्यांच्या जरा वर, जरा उजवीकडे टिंब दिलं.

"तिथे काय आहे?" तिने विचारलं.

गाडी कुडाळला येईपर्यंत मी तिला सांगत होते.